वाट पाहणाऱ्याला नकाशा दाखवा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागते. यंत्रावर साधारण चार तास. तीनदा धरले तर वर्षाला दीडशेच्या वर वेळा जाणे आणि तेवढ्याच वेळा परत येणे. यातली एकही फेरी 'इमर्जन्सी' नसते. सायरन वाजत नाही, कुणी बाजूला सरून वाट देत नाही. पण ओळीने दोन-तीन फेऱ्या चुकल्या की हाच माणूस फुप्फुसात पाणी होऊन अतिदक्षता विभागात जाऊ शकतो, आणि मग मात्र सगळी यंत्रणा त्याच्यासाठी धावते. केमोथेरपी, अर्धांगवायूनंतरची फिजिओथेरपी, मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी, बाळंतिणीला बाळासह घरी पोहोचवणे, हा सगळा प्रवास उपचाराचाच भाग आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेने मात्र तो बहुतेक वेळा रुग्णाच्या घरच्यांवर सोपवून दिला आहे. 'तुमचे तुम्ही या' हेच धोरण.

कागदावर या प्रवासाला जागा आहे. रुग्णवाहिकांच्या बांधणीचे एआयएस-१२५ हे मानक गाड्यांचे चार प्रकार करते आणि त्यातला दुसरा, 'बी' प्रकार, तातडी नसलेल्या रुग्णांच्या ने-आणीसाठीच आहे. रस्त्यावर हे काम करते ती स्ट्रेचर बसवलेली मारुती ईको. त्याहून जास्त करते रिक्षा. आणि पश्चिम रेल्वेचा तो डबा, जो दिव्यांगांबरोबर कर्करोगाच्या रुग्णांनाही चढू देतो, तो तर वर्षानुवर्षे ही सेवा मुकाट देत आला आहे.

मीरा-भाईंदरमध्ये हे सगळे जास्त टोचते, कारण इथला भूगोलच तसा आहे. जिल्हा ठाणे, पण ठाण्याला जायचे तर मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट ओलांडावा लागतो. लोकल मात्र बोरिवली-दादरकडे जाते. जिल्ह्याचे ठिकाण एका दिशेला, रोजची गाडी दुसऱ्या दिशेला. २८ फेब्रुवारी २००२ रोजी इथे महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले, ज्याला लोक अजून टेंभा म्हणूनच ओळखतात. तरीही दुखणे जरा मोठे झाले की वाट कांदिवलीच्या शताब्दीची, कूपरची, नायरची, केईएमची नाहीतर टाटाची. म्हणजे दहिसर चेकनाक्याच्या पलीकडची. शहराच्या एका टोकाला मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी ओलांडून उत्तनचे कोळीवाडे, दुसऱ्या टोकाला काशी-चेण्याकडचे आदिवासी पाडे. इथे आजारी पडणे म्हणजे आधी वाहनाचा बंदोबस्त करणे.

उत्तनची एक बाई घ्या, मधुमेहातून मूत्रपिंडे गेलेली. डायलिसिसची पहिली पाळी सकाळी सातची. इन्शुलिन कधी घ्यायचे आणि न्याहारी कधी करायची हे गाडीच्या वेळेवर ठरते. इन्शुलिन घेतले, खायला घेणार एवढ्यात खालून हॉर्न वाजला म्हणून तशीच निघाली, तर वाटेत साखर उतरते. गाडी येईल म्हणून आधीच आवरून बसली आणि गाडी पाऊण तास आली नाही, तर पुढचा फटका वेगळा असतो. केंद्रात पुढच्या पाळीचा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो, त्यामुळे हिचे चार तास साडेतीन होतात. तो अर्धा तास रक्तात राहून जातो. फोन केला की ड्रायव्हरचे उत्तर ठरलेले, "निघालोय, दहा मिनिटांत पोहोचतो." तो गोल्डन नेस्टला आहे की अजून काशीमिऱ्यालाच, हे तिला कळायला मार्ग नाही.

त्या गाडीत बहुधा जीपीएस बसवलेला असतो. तिचा ठिपका कुठल्या तरी पडद्यावर सरकत असतो. गाडीमालक तो पाहतो, ठेका घेणारी कंपनी पाहते, रुग्णालयाचा किंवा पालिकेचा कुणी कर्मचारी पाहू शकतो. ज्या माणसाचे शरीर त्या गाडीची वाट पाहत असते, ते सोडून सगळ्यांना तो ठिपका दिसतो. माझे म्हणणे इथून सुरू होते. तातडी नसलेल्या रुग्णवाहतुकीत लोकेशन-ट्रॅकिंग हवेच. पण आज पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल झाली आहे. गाडी रुग्णाला दिसायला हवी. आज रुग्ण गाडीवाल्याला, ठेकेदाराला आणि त्याच्यामागे जो कुणी असेल त्याला दिसतो.

हे असे झाले याचे कारण आपले सगळे ट्रॅकिंग तातडीच्या सेवेसाठी आखले गेले. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका आणि पुण्यात औंधला नियंत्रणकक्ष. शहरात वीस मिनिटांत, ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचणे हे तिचे उद्दिष्ट. तिथे ठिपका नियंत्रणकक्षाला दिसला पाहिजे हे उघडच आहे, कारण जवळची गाडी कोणती हे त्यालाच ठरवायचे असते. अपघातात पडलेला माणूस नकाशा पाहत बसणार नाही. दुसरी योजना जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाची, १ जून २०११ पासूनची: गरोदर बाईला घरून रुग्णालयात, गरज पडल्यास तिथून मोठ्या रुग्णालयात आणि बाळंतपणानंतर परत घरी, सगळे मोफत. यातली शेवटची फेरी, बाळंतिणीला घरी सोडण्याची, ही सरकारने स्वतःहून पत्करलेली तातडी नसलेली वाहतूक आहे. तिथे मापायला हवा तो वक्तशीरपणा. सकाळी डिस्चार्जचा कागद हातात आलेली बाई संध्याकाळपर्यंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाळ घेऊन बसली, तर गाडी कॉलनंतर किती मिनिटांत निघाली या आकड्यात तिचा दिवस कुठेच दिसत नाही.

कायद्याची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. प्रवासी वाहनांत स्थान दाखवणारे उपकरण आणि धोक्याचे बटण बसवण्याची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-एच या नियमाने केली आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना ती लागू झाली. उपकरणाचे मानक एआयएस-१४०. या नियमातून तीनचाकी वाहने वगळली आहेत आणि ज्यांना परवाना लागत नाही अशी वाहनेही वगळली आहेत. केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याखाली परवाना लागत नाही. म्हणजे ज्या दोन वाहनांतून इथला रुग्ण खरोखर फिरतो, ती रिक्षा आणि ती ईको, दोन्ही या नियमाबाहेर. रुग्णाच्या गाडीत कोणते उपकरण बसवायचे, त्यातली माहिती कुणाकडे जाणार, किती दिवस राहणार, हे त्यामुळे बहुतेक ठिकाणी कंत्राटाच्या कागदावर ठरते. निविदा लिहिणारा कारकून आणि ती भरणारा ठेकेदार यांच्यात. रुग्ण त्या टेबलावर नसतोच.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला रुग्णालयाचे नाव सांगितले की आजार सांगावा लागत नाही. परळच्या टाटाला गेला म्हटले की घरात आवाज खाली येतो. शिवडी म्हटले की क्षय. वडाळ्याचे ॲक्वर्थ म्हटले की कुष्ठरोग. ठाण्याच्या मनोरुग्णालयाबद्दल तर काही बोलायलाच नको, लग्नाच्या बोलण्यांत नुसत्या 'ठाण्याला न्यायचे' या कुजबुजीने स्थळे मोडली आहेत. आपल्या शहरांच्या नकाशावर निदान असे लिहून ठेवलेले आहे. म्हणून रुग्णवाहतुकीतला शेवटचा ठिपका हा नुसता पत्ता नसतो, तो त्या माणसाचा केसपेपर असतो.

कायद्याने डॉक्टरचे तोंड बंद ठेवले आहे. एचआयव्ही-बाधितांसाठीचा २०१७ चा कायदा त्यांची माहिती फोडू देत नाही. त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने एक कलम आले, ज्यानुसार गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टर, नर्स, समुपदेशक, सगळे या भिंतीच्या आत. गाडी मात्र भिंतीबाहेर उभी असते. दर पंधरवड्याला मीरा रोडच्या एका सोसायटीच्या फाटकापासून ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या फाटकापर्यंत जाणारी फेरी एखाद्या सर्व्हरवर तारीख-वेळेसह पडून राहिली, तर कुठल्याही डॉक्टरने तोंड न उघडता सगळे सांगून झाले.

'नाव नसते हो त्यात, नुसते नंबर असतात,' असे यावर हमखास सांगितले जाते. २०१३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एका युरोपीय देशातल्या पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. नाव-नंबर काहीही नाही, फक्त कोणत्या वेळी कोणत्या टॉवरजवळ. वेळ आणि ठिकाण जोडलेले चार बिंदू हाती असले तर त्यातल्या ९५ टक्के लोकांना वेगळे काढता येते, असे निघाले. डायलिसिसचा रुग्ण आठवड्याला सहा फेऱ्या करतो, ठरलेल्या दारातून ठरलेल्या दाराकडे. त्याच्या बाबतीत नाव काढून टाकण्याला काही अर्थच उरत नाही. अशी माहिती विकली जाते ही शंकाही मनाची नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कोचावा नावाच्या कंपनीला न्यायालयात खेचले. तक्रार अशी की तिने विकलेल्या मोबाइलच्या स्थानांवरून माणूस प्रजनन-आरोग्याच्या दवाखान्यात किंवा छळातून सुटलेल्यांच्या आश्रयगृहात गेल्याचे शोधता येत होते.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे आणि ती रास्तच आहे. बेशुद्ध माणसाची संमती कोण घेणार? पण तातडी नसलेल्या फेरीला ती मुभा लागू होत नाही. तिथे साधारणपणे संमती हवी, किंवा सरकारी सेवा-सवलतीसाठीची वेगळी तरतूद तरी लागू व्हावी लागेल. पण या कायद्याने आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी तशा वेगळ्या होत्या. नव्या कायद्यात किराणामालाची ऑर्डर आणि केमोथेरपीची फेरी एकाच रांगेत आहेत. ही उणीव मला फार गंभीर वाटते.

यावर जो आक्षेप येतो तो मला टाळायचा नाही, कारण तो प्रामाणिक आहे. चेण्याच्या पाड्यावरच्या बाईला गाडीच मिळत नाही आणि तुम्ही तिच्या खासगीपणाच्या गोष्टी करता? आधी गाडी येऊ द्या. गरिबाला लपवायला असते काय?

असते. गरिबाकडे लपवायला जास्त असते, कारण उघड झाले तर सावरायला त्याच्याकडे कमी असते. घरकाम करणाऱ्या बाईच्या टीबीची कुणकुण लागली तर चार घरची कामे एका दिवसात सुटतात. ज्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे त्याला घरमालक बाराव्या महिन्यात नाही म्हणू शकतो. मोठ्या पगारदाराचे गुपित फुटले तर त्याला मनस्ताप होतो. हिचे फुटले तर चूल बंद होते. गाडी आणि खासगीपणा यांतले एक निवडा, अशी मागणी आपण फक्त गरिबांपुढेच का ठेवतो? गाडी आली म्हणून नकाशा चव्हाट्यावर यायला हवा असे कुठल्याही यंत्राचे म्हणणे नसते. ती सोय आपण आपल्या आळसाने करून देतो.

संमतीचा प्रश्नही इथे पुस्तकातल्यासारखा सरळ नाही. आपल्या घरांत फोन बऱ्याचदा एका माणसाचा नसतो. आईच्या उपचारांची नोंदणी मुलाच्या नंबरावर, सुनेची नवऱ्याच्या नंबरावर. ओटीपी तिकडे जातो, 'मान्य आहे' हे बटण तिकडेच दाबले जाते, आणि गाडीचा ठिपकाही तिकडेच दिसतो. रुग्णाची संमती म्हणून जी नोंदली जाते ती कित्येकदा घरातल्या कर्त्याची असते. बहुतेक घरांत यामागे मायाच असते. न्यू जर्सीत बसलेला मुलगा रात्री जागून बाबांची गाडी भाईंदरहून निघाली का, बोरिवलीला पोहोचली का, हे पाहतो तेव्हा त्याच्या काळजीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. तरी बाबांना विचारायला हवेच. सत्तरीचा माणूस डायलिसिसहून परतताना वाटेत मित्राकडे दहा मिनिटे थांबला, तर त्याचा जाब त्याला का द्यावा लागावा? आणि जिथे माया नाही, जिथे नवऱ्याला न सांगता बाईला तपासणीला जायचे आहे, तिथे तो ठिपका तिच्या अंगावर उठू शकतो. म्हणून नोंदणीच्या वेळी आरोग्यसेविकेने रुग्णाला एकट्याने, तोंडी, साध्या मराठीत नाहीतर त्याच्या भाषेत विचारावे: गाडी कुठे आहे हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला दिसू द्यायचे? उत्तर 'कुणालाच नाही' असू शकते, हे त्या विचारणारीला आधी मान्य असले पाहिजे.

अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेत तातडी नसलेल्या वैद्यकीय प्रवासाची सोय करणे राज्यांवर बंधनकारक आहे. याबाबत ते आपल्या कितीतरी पुढे आहेत. पण त्याच योजनेतला दुसरा अनुभव आपण शिकून घेण्यासारखा आहे. घरी येऊन अपंग आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या सेविका खरोखर येतात का, की नुसती बिले लावली जातात, हे तपासण्यासाठी २०१६ च्या एका कायद्याने प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. सेवा कोणती, कुणाला, कुणी दिली, तारीख, ठिकाण, सुरू-बंदची वेळ, एवढेच कायद्याने मागितले होते. जीपीएस हवाच असे त्यात नव्हते. काही राज्यांनी आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी जीपीएस आणला, घराभोवती आभासी कुंपणे आखली. सेविका अपंग माणसाला घेऊन बागेत किंवा बाजारात गेली की नोंद 'अनियमित' म्हणून लाल व्हायची. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला की चोरी पकडायला आणलेल्या यंत्राने आम्हालाच घरात डांबले. पैशाची गळती थांबवणे हा हेतू चांगला होता. पण यंत्र कुणाच्या बाजूने पाहणार हे कुणी ठरवलेच नाही, आणि मग ते ज्याने विकत घेतले त्याच्या बाजूने पाहू लागले.

खोट्या फेऱ्यांची भीती आपल्याकडेही खरी आहे. लॉगबुक एका जागी बसून भरता येते आणि किलोमीटर मागच्या तारखेने वाढवता येतात. पालिकेचा पैसा जातो तिथे पुरावा हवाच. पण बिल मंजूर करायला लागते काय? फेरी झाली का, किती किलोमीटर, सुटली कधी, पोहोचली कधी. कोणत्या गल्लीतून गेली, रुग्ण कोण, कोणत्या विभागात गेला, हे लेखापालाला नको. फेरीला क्रमांक द्यावा, क्रमांकामागचे नाव रुग्णालयाकडेच राहावे, बिल मंजूर होऊन तक्रारीची ठरावीक मुदत संपली की वाटेची नोंद पुसून टाकावी. यात अवघड असे काही नाही. मुदतीची कल्पना लोकांना आधीच ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना पंधरा मिनिटे, एक तास की आठ तास, हे पाठवणाराच ठरवतो, आणि वेळ संपली की ते बंद होते. भाजीवालीपासून सीएपर्यंत सगळे ते वापरतात. सरकारनेही एकदा असे केले होते: करोना-साथीतल्या आरोग्यसेतू ॲपच्या माहितीबद्दल मे २०२० मध्ये जी नियमावली जाहीर झाली तिच्यात ही माहिती साधारणतः १८० दिवसांपलीकडे ठेवू नये असे लिहिले होते. साथीच्या ऐन गोंधळात जे लिहिता आले ते शांत वेळी लिहिता येत नाही, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

आणि ड्रायव्हर. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण दिवसभर पाहिला जातो तो तोच. भाईंदर पूर्वेला ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारती गल्लोगल्ली आहेत, बहुतेक बिनलिफ्टच्या. जिना एवढा अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. मग प्लास्टिकची खुर्ची येते. रुग्णाला तिच्यात बसवून ओढणीने नाहीतर चादरीने बांधतात. ड्रायव्हर खालच्या बाजूने, मुलगा किंवा शेजारी वरच्या बाजूने, आणि प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून दम घेतात. डायलिसिसहून आलेल्या माणसाचा रक्तदाब खाली असतो, घाई केली तर तो खुर्चीतच कलंडतो. नकाशा सपाट असतो, त्याला मजले कळत नाहीत. पडद्यावर दिसते ते एवढेच: गाडी बंद, बावीस मिनिटे, एका जागी. ठेकेदाराच्या भाषेत हा 'आयडल टाइम', त्याबद्दल पगारातून कापणी. वीस मिनिटे चहा पिणारा आणि वीस मिनिटे माणूस उचलणारा यांत जे यंत्र फरक करू शकत नाही, त्याच्या आधारे दंड लावणे हा अन्याय आहे. थांबण्याचे कारण ड्रायव्हरने एका शब्दात सांगावे आणि रुग्णाने त्याला दुजोरा द्यावा, एवढी सोय असली तरी पुष्कळ होईल. शिफ्ट संपल्यावर त्याचा ठिपका मालकाच्या पडद्यावरून गेला पाहिजे, हेही कंत्राटातच लिहायचे.

ठिपक्याकडून किती अपेक्षा ठेवायची, यालाही मर्यादा आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातून मुंबईकडे आणली जात असलेली एक जखमी महिला महामार्गावरच्या कोंडीत तासन्‌तास अडकली. घोडबंदर रस्त्याच्या कामामुळे वळवलेली अवजड वाहने त्याच रस्त्यावर आली होती. शेवटी तिला मीरा रोडच्या रुग्णालयात नेले, तोवर उशीर झाला होता. ती रुग्णवाहिका कुठे आहे हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक असल्याने रस्ता उघडत नाही. ट्रॅकिंगचा उपयोग त्या दिवसापुरता नव्हताच. तो आधी व्हायला हवा होता. महिनोन्‌महिने याच पट्ट्यात रुग्णांच्या गाड्या कुठे, किती वाजता, किती वेळ अडतात याच्या नोंदी एकत्र मांडल्या असत्या, तर रस्त्याच्या दुरुस्तीचे वेळापत्रक आखणाऱ्यापुढे तो कागद ठेवता आला असता. वसई-विरारपासून दहिसरपर्यंतच्या डायलिसिसच्या रुग्णांना ही कोंडी रोज पहाटे भेटते. त्यांच्या फेऱ्यांची बातमी होत नाही म्हणून त्यांच्या नोंदीकडे कुणी पाहत नाही.

म्हणून माझी मागणी मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे आहे, आणि ती पुढच्या निविदेपुरती आहे. गाडीचे ठिकाण पाहण्याचा पहिला हक्क रुग्णाचा असे त्यात लिहा, स्मार्टफोन नसेल तर साध्या फोनवर मराठीत किंवा हिंदीत कॉल जाईल अशी सोय ठेवा. वाटेची नोंद किती दिवसांत पुसणार तो आकडा लिहा. ती नोंद ठेकेदाराला दुसऱ्या कशासाठीही वापरता येणार नाही, विकता येणार नाही, आणि कंत्राट संपल्यावर सोबत नेता येणार नाही, हे लिहा.

एक गोष्ट मात्र उघडीच ठेवायला हवी. रुग्ण कुठे गेला हे झाकायचे. गाडी उशिरा आली हे झाकायचे नाही. या दोन प्रकारच्या माहितीची गल्लत होण्याची भीती आता वाढली आहे. माहिती संरक्षणाच्या त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले ८(१)(जे) हे कलम बदलले आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद केली. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. उद्या उत्तनच्या एखाद्या नागरिकाने विचारले की आमच्याकडची डायलिसिसची गाडी गेल्या वर्षी किती वेळा अर्ध्या तासाहून उशिरा आली, तर 'ही रुग्णांची खासगी माहिती आहे' असे उत्तर मिळू शकते, आणि रुग्णांच्या नावाने ठेकेदार झाकला जाईल. माहितीच्या अधिकाराचे चौथे कलम सरकारी कार्यालयांनी स्वतःहून माहिती जाहीर करावी असे सांगते. त्या कलमाखाली पालिकेने दर महिन्याला प्रभागवार तक्ता लावावा: ठरलेल्या फेऱ्या किती, वेळेवर किती, अर्ध्या तासाहून उशिरा किती, आलीच नाही अशा किती. त्यात एकाही रुग्णाचे नाव, पत्ता, आजार नको. गाडीचा क्रमांक आणि ठेकेदाराचे नाव मात्र असावे.